इमाम शाफई (रह.) : मतभेदातील अदब

हिजरी १५० मध्ये इमाम अबू हनीफा (रह.) यांचे बगदादमध्ये निधन झाले, त्याच वर्षी गाझा येथे इमाम शाफई (रह.) जन्मले. पितृछत्र लवकर हरपले. मातेने त्यांना मक्केत आणले. बालपणीच कुरआन मुखोद्गत करून पुढे मदिनेत त्यांनी इमाम मालिक (रह.) यांच्याकडे ‘मुवत्ता’चे अध्ययन केले, बगदादमध्ये इमाम अबू हनीफांचे शिष्य इमाम मुहम्मद (रह.) यांच्याकडून हनफी फिकहचे ज्ञान मिळवले. दोन्ही उस्तादांशी अनेक मसल्यांत त्यांचा मतभेद झाला. आदर मात्र उणावला नाही.

फजरच्या नमाजात कुनूत पढणे त्यांच्या मते सुन्नत. तरीही इमाम अबू हनीफांच्या कबरीजवळ फजर अदा करताना, त्यांच्या आदरापोटी, त्यांनी कुनूत पढली नाही, अशी रिवायत आहे. हिजरी २०४ मध्ये मिसर येथे त्यांची वफात झाली.

आपल्याकडे कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई, घाटावरील बहुसंख्य हनफी. सून शाफई, सासर हनफी, असेही घडते. फजरच्या कुनूतवरून घरात वाद मांडण्यापूर्वी, ज्यांच्या नावाने वाद घालतो त्या इमामांचे वर्तन आपण आठवावे.