पाणी निम्मे, इंजिन गार

शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांच्या टोकाला एकेक घाट आहे. शहापूरहून नाशिकला जाताना कसारा घाट लागतो, मुरबाडहून आळेफाट्याकडे जाताना माळशेज. एप्रिल-मेच्या दुपारी या चढणींवर एक दृश्य हमखास दिसते. रस्त्याच्या कडेला जुनी जीप किंवा दुसऱ्या हाताने घेतलेली मोटार बॉनेट उघडून उभी असते, आतून वाफ येत असते आणि चालकाच्या हातात पाण्याचा कॅन असतो. डिकीत पाच लिटर पाणी ठेवले की तापणाऱ्या इंजिनाचा बंदोबस्त झाला, असा समज पक्का आहे. मात्र मोटारीचे इंजिन गार ठेवण्याचा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी ज्याने सोडवला, त्याने पाणी वाढवले नव्हते. ते निम्म्यावर आणले होते. त्याचे नाव विल्हेल्म मायबाख.

आज हे नाव अतिशय महागड्या मोटारींवर झळकते. ज्या मुलाचे ते होते, तो मात्र अनाथ होता. ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतील हायलब्रॉन येथे एका सुताराच्या घरी त्याचा जन्म झाला. आई १८५४ मध्ये गेली, वडील १८५६ मध्ये. दहा वर्षांच्या विल्हेल्मला आणि त्याच्या भावांना आसरा मिळावा म्हणून वर्तमानपत्रात आवाहन छापावे लागले. रॉयटलिंगेन गावात गुस्ताव वेर्नर नावाचे धर्मोपदेशक निराधारांसाठी संस्था चालवत असत. त्यांनी विल्हेल्मला ठेवून घेतले. संस्थेचे स्वतःचे यंत्रकारखाने होते. या मुलाचा हात चित्रकलेत आणि यंत्रात चालतो हे वेर्नर यांच्या लक्षात आले आणि त्याला तांत्रिक आरेखनाचे शिक्षण मिळाले.

याच कारखान्याची व्यवस्था पाहायला गॉटलिब डाइम्लर हा अभियंता आला. बारा वर्षांनी लहान असलेल्या मायबाखची हुशारी त्याने हेरली आणि पुढे जिथे जिथे तो गेला, तिथे मायबाखला घेऊन गेला. १८७२ मध्ये दोघे डॉइट्झ येथील इंजिनांच्या कारखान्यात पोहोचले. तिथेच निकोलाउस ऑटोचे चार फेऱ्यांचे इंजिन १८७६ मध्ये तयार झाले. मायबाख तिथे मुख्य आरेखक होता. १८८२ मध्ये मालकांशी न पटल्याने डाइम्लर बाहेर पडला. त्याने कान्श्टाट गावी बाग असलेले घर घेतले आणि बागेतल्या काचघरात कार्यशाळा थाटली. मायबाखही तिथे आला. दोघे दार लावून इतक्या गुपचूप काम करत की ते खोटी नाणी पाडत असावेत, असा संशय माळ्याला आला. पोलिसांनी झडती घेतली तेव्हा आत फक्त इंजिने सापडली, अशी हकिगत सांगितली जाते.

लहान आणि वेगाने फिरणारे इंजिन बनवायचे, हा त्यांचा ध्यास होता. ते साधले, पण त्याच्याबरोबर उष्णतेचा प्रश्न आला. पेट्रोल जळते तेव्हा सिलिंडरमधील वायूचे तापमान काही क्षण दोन हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. इंधनाच्या उष्णतेचा जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. साधारण तेवढाच हिस्सा इंजिनाच्या भिंतींतून पाण्यात उतरतो आणि उरलेला धुराबरोबर निघून जातो. पाण्यात उतरलेली उष्णता बाहेर काढली नाही तर तेल पातळ होते, धातू फुगतो आणि पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो.

सुरुवातीच्या मोटारींत यावर सोपा पण खर्चीक उपाय होता. पाणी उकळू द्यायचे, वाफेबरोबर उष्णता जाऊ द्यायची आणि टाकी पुन्हा भरायची. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ यांनी पतीने बनवलेल्या मोटारीतून सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास केला, तेव्हा वाटेत वारंवार पाणी भरावे लागले. घाटात कॅन घेऊन उभा असलेला चालक नकळत तीच पद्धत वापरत असतो.

मायबाखने १८८९ च्या मोटारीत वेगळा प्रयोग केला. गाडीचा सांगाडा पोकळ नळ्यांचा होता. त्याच नळ्यांतून त्याने गरम पाणी फिरवले, म्हणजे ते वाऱ्यावर निवेल. कल्पना चांगली होती, पण मोठ्या इंजिनाला ती पुरणारी नव्हती. पुढे कंपनी स्थापन झाली, भांडवलदार आले, आणि संचालक मंडळात स्थान नाकारले गेल्याने १८९१ मध्ये मायबाख बाहेर पडला. कान्श्टाटमधील एका हॉटेलच्या मोठ्या दालनात त्याने काम सुरू ठेवले. पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर याच काळातला. १८९५ मध्ये तो आणि डाइम्लर कंपनीत परतले. १८९७ मध्ये त्याने पाण्याच्या भांड्यातून आरपार पुष्कळ बारीक नळ्या काढल्या. नळ्यांतून वारा वाहू लागला आणि पाण्याला एकाऐवजी शेकडो ठिकाणी गार हवेची जवळीक मिळाली.

मार्च १९०० हा महिना कंपनीसाठी वाईट ठरला. ६ मार्चला डाइम्लर वारला. त्याच महिन्याअखेरीस फ्रान्समधील नीस शहराजवळ ला तुर्बीच्या घाटात मोटारींची शर्यत होती. पहिल्याच वळणावर कंपनीची गाडी आदळली आणि ती चालवणारा विल्हेल्म बाउअर मरण पावला. गाडी उंच, आखूड आणि जड होती. कंपनी शर्यतींतून अंग काढून घेण्याच्या विचारात असताना एमिल येलिनेक या व्यापाऱ्याने उलटी मागणी केली. त्याला अधिक लांब, अधिक बुटकी आणि अधिक ताकदीची गाडी हवी होती. त्याने ३६ गाड्यांची मागणी नोंदवली आणि गाडीला आपल्या मुलीचे, मर्सिडीजचे, नाव द्यायला लावले.

आता मायबाखपुढे कोडे होते. ३५ अश्वशक्तीचे इंजिन म्हणजे जास्त उष्णता. बुटकी, हलकी गाडी म्हणजे पाण्याला कमी जागा. त्याने सहा मिलिमीटर चौरस तोंडाच्या ८,०७० नळ्या एकमेकींना डाख देऊन जोडल्या. समोरून पाहिले तर मधाचे पोळे वाटावे. नळ्यांतून वारा जाई आणि नळ्यांमधल्या अरुंद फटींतून पाणी. पूर्वी १८ लिटर पाणी लागे, आता नऊ लिटर पुरले. पाण्याचा थर पातळ झाल्याने त्याची उष्णता धातूत आणि धातूतून वाऱ्यात झपाट्याने जाऊ लागली. मागे पंखा बसवल्याने गाडी हळू चालली तरी वारा मिळत राहिला. २२ डिसेंबर १९०० रोजी पहिली मर्सिडीज तयार झाली. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत, आदल्या वर्षी अपघात झालेल्या त्याच घाटासह, तिने बाजी मारली.

जुनी मोटार तापते तेव्हा मायबाखचे हेच तत्त्व उपयोगी पडते. पाणी ही फक्त उष्णता वाहून नेणारी गाडी आहे. उष्णतेची बाहेर पडण्याची वाट कुठे अडली आहे, ते शोधायचे असते. सपाट रस्त्यावर काटा जागेवर राहतो आणि घाटात किंवा कोंडीत चढतो, तर संशय आधी पंख्यावर, त्याच्या मोटरवर किंवा पट्ट्यावर घ्यावा. वेगात तापत असेल तर रेडिएटर तुंबला असण्याची किंवा कूलंट कमी असण्याची शक्यता मोठी. वरचा होस पाइप चटका देतो आणि खालचा गारच असतो, तेव्हा थर्मोस्टॅट बंद अडकलेला असू शकतो. हा थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची काही गॅरेजांत रीत आहे. त्याने इंजिन कायम अर्धवट थंड राहते, जास्त इंधन पिते आणि लवकर झिजते.

रेडिएटरच्या जाळीत धूळ, किडे आणि भाताच्या पेंढ्याचा भुसा बसला की वारा अडतो. आतून नळ्या अडतात त्या क्षारांनी. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यातच आहेत, तरी इथल्या अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. साहजिकच गाडीत भरले जाते ते हाताशी असलेले, बहुधा बोअरचे जड पाणी. ते तापले की क्षारांचा थर धरतो, जसा पाणी तापवण्याच्या भांड्यात धरतो. गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा तोडगाही प्रसिद्ध आहे. हळद भोक बुजवते हे खरे, पण ती चांगल्या नळ्याही बुजवते. घरी पोहोचण्यापुरता तो उपाय ठीक. नंतर रेडिएटर धुऊन घेणे आणि गळती दुरुस्त करणे टळत नाही.

गळती शोधायला रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरावा. सकाळी डाग कुठे पडला त्यावरून होस पाइप, वॉटर पंप की रेडिएटर याचा अंदाज येतो. पायाखालचा गालिचा ओला असेल आणि गोडसर वास येत असेल तर गळती आतल्या हीटरची. बाहेर थेंबही नाही, तरी पातळी घटते, धूर पांढरा येतो, तेल दुधाळ दिसते किंवा टाकीत बुडबुडे येतात, तेव्हा हेड गॅस्केट गेलेले असू शकते. अशी गाडी पुढे दामटली तर गॅस्केटच्या खर्चाचे इंजिनाच्या खर्चात रूपांतर होते. जुनी गाडी विकत घेतानाही थंड इंजिनाचे झाकण उघडून आत पाहावे. आतले पाणी गंजकट, तांबूस दिसले तर सौदा करण्याआधी विचार करावा.

मायबाखच्या रेडिएटरमधील पाणी साध्या हवेच्या दाबाखाली असे. आजच्या गाडीत कॅप दाब धरून ठेवते, त्यामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. तापलेल्या गाडीची कॅप उघडताच हा दाब सुटतो, पाण्याची एकदम वाफ होते आणि ती तोंडावर, छातीवर आणि हातांवर उडते. म्हणून गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे, किमान अर्धा तास थांबावे आणि वरचा होस पाइप हाताला गार लागल्यावरच कॅपला हात लावावा. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतले तर धातूला तडा जाऊ शकतो. कुणी भाजलेच तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये. चेहरा किंवा डोळे भाजले असतील तर थेट रुग्णालय गाठावे.

दुसरा धोका कूलंटचा. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि अतिशय विषारी. पोटात गेल्यावर यकृतात त्याची आम्ले बनतात आणि त्यातून तयार होणारे स्फटिक मूत्रपिंडे निकामी करतात. पहिल्या काही तासांत माणूस फक्त झिंगल्यासारखा दिसतो, त्यामुळे वेळ वाया जातो. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कूलंट भरून ठेवणे किंवा गळलेले थारोळे अंगणात तसेच सोडणे मुलांच्या, कुत्र्यांच्या आणि गुरांच्या जिवावर बेतू शकते. कुणाच्या पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता, डबा सोबत घेऊन रुग्णालयात जावे. वेळेत पोहोचल्यास यावर उतारा आहे.

मर्सिडीजच्या यशानंतर फ्रेंचांनी मायबाखला आरेखकांचा राजा म्हटले. स्वतःच्या कंपनीत मात्र डाइम्लरनंतर त्याला कुणी वाली उरला नाही. त्याला हळूहळू बाजूला सारले गेले आणि १९०७ मध्ये त्याने ती सोडली. वयाच्या साठीनंतर त्याने मुलगा कार्ल याच्यासह झेपेलिन हवाई जहाजांसाठी इंजिनांचा कारखाना उभा करायला मदत केली. मायबाख नावाच्या मोटारी पुढे कार्लने बनवल्या. २९ डिसेंबर १९२९ रोजी, ८३ व्या वर्षी, विल्हेल्म मायबाख वारला. कान्श्टाटच्या दफनभूमीत तो डाइम्लरजवळच विसावला आहे.

पोळ्यासारखे रेडिएटर आता सहसा बनत नाहीत. आजच्या रेडिएटरमध्ये पाणी चपट्या नळ्यांतून जाते आणि वारा त्यांच्यामधल्या पातळ पत्र्यांतून. तत्त्व मात्र तेच आहे. माळशेजच्या पायथ्याशी गाडीची जाळी साफ असेल, पंखा फिरत असेल आणि नळ्या मोकळ्या असतील, तर डिकीतले पाच लिटर पाणी बहुधा प्रवाशांना पिण्यासाठीच उरते.