कर्ज फेडणारी लेखणी

नाताळ तोंडावर आलेला, घरात पैशांची चणचण आणि चार बहिणी शेकोटीपाशी बसून यंदा भेटवस्तू मिळणार नाहीत म्हणून हिरमुसलेल्या. 'लिटल विमेन' या कादंबरीचा हा प्रारंभ शान्ता शेळके यांच्या 'चौघीजणी' या अनुवादामुळे मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांच्या परिचयाचा आहे. ज्योच्या धांदरटपणावर आणि बेथच्या मृत्यूवर हसू आणि आसू गाळणाऱ्या वाचकांना त्या घरातील गरिबी मात्र गोड, उबदार वाटत आली. प्रत्यक्षात ज्या घरावरून ही कादंबरी बेतली गेली, त्या घरातली गरिबी गोड नव्हती. लेखिका लुइझा मे अल्कॉट हिने ती वीस वर्षे अंगावर झेलली, आणि वडिलांचे कर्ज पै-पैने फेडले.

लुइझाचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या जर्मनटाऊन येथे झाला. चार बहिणींत ती दुसरी. थोरली अ‍ॅना, धाकट्या एलिझाबेथ आणि मे. वडील ब्रॉन्सन अल्कॉट हे शेतकऱ्याचे पुत्र, स्वतःच्या बळावर शिकलेले. तरुणपणी दक्षिणेतील राज्यांत त्यांनी दारोदार फिरून किरकोळ वस्तू विकल्या होत्या. पुढे ते शिक्षक झाले आणि मुलांना छडीऐवजी संवादातून शिकवावे, असा आग्रह त्यांनी धरला. विचार काळाच्या पुढचे होते. हिशेब मात्र त्यांना कधीच जमला नाही. आई अ‍ॅबिगेल या बोस्टनमधील प्रतिष्ठित मे घराण्यातील कन्या. १८३० साली त्यांनी ब्रॉन्सन यांच्याशी विवाह केला आणि माहेरचे स्वास्थ्य कायमचे मागे पडले.

बोस्टनमध्ये १८३४ साली ब्रॉन्सन यांनी काढलेली 'टेंपल स्कूल' ही शाळा आरंभी गाजली. मात्र मुलांशी धर्मविषयक मोकळ्या चर्चा केल्याचे त्यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले आणि पालक बिथरले. विद्यार्थी गळू लागले. त्यानंतरच्या लहानशा शाळेत त्यांनी एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला, तेव्हा उरलेल्या पालकांनीही आपली मुले काढून घेतली. त्या मुलीचा प्रवेश रद्द करण्यास ब्रॉन्सन यांनी नकार दिला. तत्त्व राहिले, शाळा बुडाली आणि कर्जाचा डोंगर उभा राहिला. १८४० साली कुटुंब मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्ड या गावी आले. तेथे तत्त्वचिंतक राल्फ वाल्डो इमर्सन यांचा आधार मिळाला. अल्कॉट दांपत्याचा स्वाभिमान दुखावू नये म्हणून इमर्सन भेटीला आले की एखाद्या पुस्तकाखाली किंवा मेणबत्तीच्या बैठकीमागे गुपचूप नोट ठेवून जात.

यानंतर आला तो 'फ्रूटलँड्स'चा प्रयोग. जून १८४३ मध्ये ब्रॉन्सन आणि त्यांचे इंग्रज मित्र चार्ल्स लेन यांनी हार्वर्ड नावाच्या खेड्याजवळ आदर्श समाज वसवण्याचा घाट घातला. मांस, दूध, अंडी वर्ज्य. कापूस गुलामांच्या श्रमातून येतो म्हणून सुती कपडे वर्ज्य आणि लोकर मेंढीची म्हणून तीही वर्ज्य. मॅसॅच्युसेट्सच्या थंडीत तागाच्या कपड्यांवर भागवायचे होते. पुरुष मंडळी तत्त्वप्रसारासाठी गावोगाव हिंडत असताना कापलेले धान्य वादळात सापडण्याची वेळ आली, तेव्हा अ‍ॅबिगेलबाई आणि मुलींनी ते चादरी-टोपल्यांतून गोळा करून कोठारात आणले. हिवाळा आला तसे अन्न आणि सरपण आटले. अखेर जानेवारी १८४४ मध्ये अ‍ॅबिगेलबाईंनी निर्णय घेतला आणि मुलींसह तेथून बाहेर पडल्या. अकरा वर्षांच्या लुइझाने या दिवसांत एक गोष्ट पाहिली: घर विचारांवर उभे राहत असेल, पण ते चालते आईच्या हातांवर.

अ‍ॅबिगेलबाईंना त्यांच्या वडिलांकडून मिळालेल्या वारशाच्या आणि इमर्सन यांनी दिलेल्या ५०० डॉलरच्या बळावर १८४५ साली कॉन्कॉर्डमध्ये घर घेता आले. परंतु त्या गावात मिळकत नव्हती. १८४८ साली कुटुंब पुन्हा बोस्टनला आले. तेथे अ‍ॅबिगेलबाईंनी गरीब वस्त्यांत मदत पोहोचवण्याचे पगारी काम पत्करले. अमेरिकेतील पहिल्या पगारी समाजसेविकांत त्यांची गणना होते. पुढे त्यांनी घरकामाच्या बायकांना नोकऱ्या मिळवून देणारी कचेरीही चालवली. स्वतःच्या चुलीला लाकूड नसताना दुसऱ्यांच्या चुलीची काळजी वाहण्याचे हे काम होते.

याच कचेरीतून लुइझाच्या वाट्याला एक अनुभव आला. १८५१ साली बोस्टनजवळच्या डेडहॅम गावातील एका गृहस्थांनी सोबतीसाठी मुलगी हवी म्हणून मागणी केली. काम हलके असेल, वाचायला पुस्तके मिळतील, घरच्यासारखे वागवले जाईल, असे सांगण्यात आले. अठरा वर्षांची लुइझा आपण होऊन गेली. प्रत्यक्षात तिला बर्फ उपसावे लागले, पाणी भरावे लागले, सरपण फोडावे लागले, राख काढावी लागली. मालकाचे बूट पुसण्याची पाळी आली तेव्हा मात्र तिने नकार दिला. सात आठवड्यांनंतर तिच्या हाती पडले चार डॉलर. अल्कॉट कुटुंबाला त्या पैशांची नितांत गरज होती, तरीही ते परत पाठवण्यात आले. हा अनुभव लुइझाने लिहून काढला. बोस्टनमधील मान्यवर प्रकाशक जेम्स फील्ड्स यांनी तो नाकारला आणि लेखन सोडून शिकवणीचे काम करावे, असा सल्ला दिला. १८६२ साली याच फील्ड्स यांनी तिला बालवर्ग सुरू करण्यासाठी ४० डॉलर उसने दिले. वर्ग चालला नाही. ती रक्कम लुइझाने पुढे यशस्वी लेखिका झाल्यावर त्यांना परत केली.

फेब्रुवारी १८५४ मधील एक रात्र या घराची आर्थिक स्थिती पुरेशी स्पष्ट करते. पश्चिमेकडील राज्यांत व्याख्यानांचा दौरा करून ब्रॉन्सन गारठलेले, थकलेले, उपाशी असे घरी परतले. आई आणि मुली त्यांच्याभोवती जमल्या. पैशांचे विचारण्याचे धैर्य कोणालाच होईना. अखेर धाकट्या मेने विचारले. त्यांनी पाकीट उघडले. आत एकच डॉलर होता. ओव्हरकोट चोरीला गेला होता आणि वाटेत शाल विकत घ्यावी लागली होती. अ‍ॅबिगेलबाईंनी पतीला दोष दिला नाही. ते सुखरूप परतले हेच पुष्कळ, असे म्हणून त्यांनी त्यांना जवळ घेतले. लुइझाच्या मनावर हे दृश्य कोरले गेले. वडिलांवर तिचे प्रेम होते, मात्र घर आता आपल्यालाच चालवावे लागणार, याविषयी तिला शंका उरली नाही.

त्या काळी मध्यमवर्गीय स्त्रीला पैसे मिळवण्याचे मार्ग मोजकेच होते: शिकवणी, शिवण, घरकाम आणि आजाऱ्याची शुश्रूषा. लुइझाने हे सगळे केले. दिवसा मुलांना शिकवायचे, रात्री चादरी, उशांचे अभ्रे, रुमाल शिवायचे आणि शिवता शिवता डोक्यात कथा रचायची. १८५२ साली तिची पहिली कथा छापून आली आणि पाच डॉलर मिळाले. १८५४ च्या नाताळात 'फ्लॉवर फेबल्स' हे पहिले पुस्तक निघाले. त्याचे मानधन होते ३२ डॉलर. नातलगांकडून आलेले जुने कपडे उसवून, उलटवून ती बहिणींसाठी नवे बेतत असे. वर्षअखेरीला कोणत्या कामाचे किती मिळाले, याची नोंद रोजनिशीत होई. हाती येणारा पैसा आधी घरी जाई, उरला तर स्वतःसाठी.

आकडे तेवढ्याने जुळत नव्हते. १८५८ च्या मार्चमध्ये धाकटी बहीण एलिझाबेथ दीर्घ आजाराने मरण पावली. थोरल्या अ‍ॅनाचा विवाह ठरला. त्याच शरद ऋतूत बोस्टनमध्ये काम शोधूनही मिळेना, तेव्हा पंचवीस वर्षांच्या लुइझाच्या मनात पाण्यात उडी घेण्याचा विचार येऊन गेला. तो तिने परतवला, आणि काही दिवसांतच तिला शिकवणीचे काम मिळाले.

१८६२ च्या डिसेंबरात अमेरिकी यादवी युद्धातील जखमी सैनिकांची शुश्रूषा करण्यासाठी ती वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाऊनमधील लष्करी रुग्णालयात रुजू झाली. जेमतेम सहा आठवड्यांत विषमज्वराने तिला गाठले. वडील तिला घरी घेऊन आले. उपचार म्हणून पाऱ्याचे औषध देण्यात आले, तापात तिचे लांबसडक केस कापावे लागले. जीव वाचला, पण प्रकृती पुन्हा कधीच पूर्ववत झाली नाही. या अनुभवांवरचे 'हॉस्पिटल स्केचेस' हे पुस्तक १८६३ मध्ये निघाले आणि वाचकांचे लक्ष प्रथमच तिच्याकडे वळले.

याच काळात ती आणखी एक लेखन करत होती, तेही गुपचूप. सूड, फसवणूक आणि उत्कट प्रेमाने भरलेल्या रंजक कथा साप्ताहिकांतून प्रसिद्ध होत. त्यांतल्या अनेक कथांवर ए. एम. बर्नार्ड हे टोपणनाव असे, काहींवर कोणतेच नाव नसे. अशाच एका कथेला १०० डॉलरचे बक्षीस मिळाले. कॉन्कॉर्डच्या सोज्ज्वळ वातावरणात हे नाव उघड होणे परवडणारे नव्हते. या टोपणनावामागे कोण होते, हे १९४३ साली संशोधक लिओना रोस्टेनबर्ग यांनी उजेडात आणले. साहित्यिक प्रतिष्ठेपेक्षा वाण्याचे बिल अधिक निकडीचे असते, हे लुइझाने ओळखले होते.

१८६८ साली रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेचे थॉमस नाइल्स यांनी मुलींसाठी पुस्तक लिहिण्याची सूचना केली. लुइझाला ती फारशी रुचली नव्हती. पैशांसाठी तिने होकार दिला. कॉन्कॉर्डच्या 'ऑर्चर्ड हाऊस'मध्ये, वडिलांनी भिंतीला बसवून दिलेल्या छोट्या मेजावर तिने मे ते जुलै या अवधीत 'लिटल विमेन'चा पहिला भाग पूर्ण केला. सुरुवातीची प्रकरणे नाइल्स यांना नीरस वाटली, लेखिकेलाही. परंतु नाइल्स यांच्या भाचीसह काही मुलींनी हस्तलिखित वाचले आणि त्या रंगून गेल्या. पुढचा निर्णय महत्त्वाचा ठरला. एकरकमी पैसे घेऊन हक्क विकून टाकावेत, असा मोह कर्जात बुडालेल्या कोणालाही झाला असता. नाइल्स यांनीच प्रामाणिक सल्ला दिला आणि लुइझाने हक्क स्वतःकडे ठेवून विक्रीवर मानधन घेणे पसंत केले. हाती येणारी रोख रक्कम सोडून उद्याच्या उत्पन्नावर तिने भिस्त ठेवली.

पहिली दोन हजार प्रतींची आवृत्ती हातोहात खपली. एप्रिल १८६९ मध्ये दुसरा भाग आला आणि लेखिका घरोघरी पोहोचली. लुइझाने पहिले काम केले ते देणी फेडण्याचे. डॉक्टर, दुकानदार, जुने सावकार यांची यादी काढून एकेक नाव खोडले. उरलेली रक्कम सॅम्युएल सीवॉल या वकील नातलगांमार्फत गुंतवली. चाळिशीत, १८७२ साली, तिने रोजनिशीत समाधानाने नोंद केली की सर्व कर्जे फिटली. कायद्याने ज्यांची मुदत संपली होती, जी कोणी वसूल करू शकले नसते, तीही. या सगळ्याची किंमत बहुधा आपल्या प्रकृतीने मोजली, हेही तिने तेथेच लिहून ठेवले.

तरीही जबाबदारी संपली नव्हती. १८७० च्या अखेरीस अ‍ॅनाचे पती जॉन प्रॅट यांचे निधन झाले. युरोपात असलेल्या लुइझाने रोममध्ये बसून 'लिटल मेन' लिहायला घेतले, ते बहीण आणि तिच्या दोन मुलांची तरतूद व्हावी म्हणून. चित्रकार बहीण मे हिचे युरोपातील शिक्षण तिच्याच पैशांवर झाले. काम शोधत वणवण करणाऱ्या स्त्रीची कथा सांगणारी 'वर्क' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होताना तिला ३,००० डॉलर मिळाले. अतिलेखनाने उजव्या हाताचा अंगठा आखडला, तेव्हा तिने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला. स्वतःवर मात्र ती हात राखूनच खर्च करी. मेचे १८७९ च्या डिसेंबरात बाळंतपणानंतर निधन झाले आणि तिची तान्ही मुलगी लुलू लुइझाच्या हवाली करण्यात आली. तिचा सांभाळही लुइझाने केला.

अखेरच्या वर्षीही तिची हिशेबी दृष्टी सुटली नाही. अविवाहित असल्याने आपल्यामागे पुस्तकांचे उत्पन्न कुटुंबाला अखंड मिळत राहावे, यासाठी १८८७ साली तिने अ‍ॅनाचा धाकटा मुलगा जॉन याला कायदेशीर दत्तक घेतले. ४ मार्च १८८८ रोजी ब्रॉन्सन यांचे बोस्टनमध्ये निधन झाले. ही वार्ता आजारी लुइझापर्यंत पोहोचण्यापूर्वीच, दोन दिवसांनी, ६ मार्चला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तिनेही प्राण सोडला. कॉन्कॉर्डच्या स्लीपी हॉलो स्मशानभूमीत ती कुटुंबीयांच्या सान्निध्यात विसावली आहे.

'ऑर्चर्ड हाऊस' हे आता संग्रहालय असून खिडक्यांमधले ते अर्धवर्तुळाकार मेज पाहण्यासाठी जगभरातून वाचक येतात. मेज इतके लहान आहे की त्यावर कागद, दौत आणि दोन कोपरे, एवढेच मावावे. अल्कॉट कुटुंबाची सगळी देणी त्या मेजावरून फिटली.