वकील आंबेडकर आणि एक हरलेला खटला

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की राज्यघटनेचे शिल्पकार डोळ्यांपुढे उभे राहतात. अभ्यासकांना फार तर रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणारा अर्थशास्त्रज्ञ आठवतो. चरितार्थासाठी आणि तत्त्वासाठी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढणारा वकील मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः आरोपीच्या बाजूने उभे राहण्याचा त्यांचा पिंड समजून घेतल्याशिवाय त्यांचे सार्वजनिक जीवनही पुरतेपणी उमगणार नाही.

या पिंडाची घडण साताऱ्यात झाली. तेथेच १८९६ साली त्यांच्या मातोश्री भीमाबाई निवर्तल्या आणि तेथीलच सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा या नावाने त्यांची नोंद झाली. पुढे वर्षभरातच भावंडांसह वडिलांना भेटावयास निघालेल्या या मुलाला मसूर स्थानकावर, जात कळताच, बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडे कबूल केल्यावर गाडी मिळाली, पण ती मुलांनीच हाकावयाची या अटीवर. आणि रात्रभर घोटभर पाणीही मिळाले नाही. गाठीशी पैसा असूनही पाणी मिळू नये, हा धडा बाजारपेठेच्या कोणत्याही सिद्धांतात बसणारा नव्हता.

१९२२ साली ते लंडनमध्ये बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. व्यवसायातही तोच अनुभव आला. सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टरकडे कामे देण्यास कचरत. तेव्हा जिल्ह्याच्या न्यायालयांतील कामे आणि जोडीला व्यापारी कायद्याचे अध्यापन, यांवर त्यांनी प्रपंच चालविला. तरीही पक्षकार निवडताना लोकांच्या रागलोभाची त्यांनी तमा बाळगली नाही. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकात टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर जहाल टीका झाली होती. त्यावरून केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आदी ब्राह्मणेतर चळवळीतील मंडळींवर अब्रुनुकसानीचा खटला झाला. चळवळीचा जोर तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आज सांगलीत मोडणाऱ्या तासगाव-वाळव्याच्या भागातही मोठा होता. खालच्या न्यायालयात झालेली शिक्षा १९२६ साली पुण्याच्या अपिलात रद्द झाली. आरोपींचे वकील होते आंबेडकर.

परंतु त्यांच्या वकिलीची खरी कसोटी लागली ती एका हरलेल्या खटल्यात. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यांनी दिलेली उत्तरे अश्लील ठरवून त्यांच्यावर खटला भरण्यात आला. त्यांचे वकीलपत्र घेण्यात आंबेडकरांना कोणताच राजकीय लाभ नव्हता. उलट, बदनामीत वाटेकरी होण्याचाच धोका होता. तरी ते उभे राहिले. लैंगिक विषयावरील लेखन केवळ त्या विषयामुळे अश्लील ठरत नाही. रोगाची वा विकृतीची शंका विचारणाऱ्याला शास्त्राच्या आधारे उत्तर मिळालेच पाहिजे. समाजाला संकोच वाटतो म्हणून ज्ञान गुन्हा ठरू शकत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. १९३४ च्या एप्रिलमध्ये निकाल विरुद्ध लागला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

निकालाने प्रश्न मात्र मिटला नाही. १९३८ साली आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तोही फेटाळला गेला. स्वतंत्र भारताने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला तो १९५२ साली. म्हणजे जे सांगितल्याबद्दल न्यायालयाने दंड केला, ते अठरा वर्षांनी राज्याचे धोरण झाले.

आरोग्याच्या विषयावरील खटल्यात क्षुब्ध लोकमत आणि शास्त्रीय मत यांतील फरक न्यायाधीशासमोर मांडणे, हे बचावाच्या वकिलाचे काम असते. डॉक्टरवरील निष्काळजीपणाच्या फौजदारी खटल्यात तज्ज्ञ वैद्यकीय मत आधी घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले, त्यामागेही हीच जाणीव आहे. आज कोणी डॉक्टर वा आरोग्यशिक्षक अडचणीत आला की त्याचे वकीलपत्र घेऊ नये असा दबाव येतो, क्वचित वकील संघटनाही तसे ठराव करतात. अशा वेळी १९३४ सालचा तो पराभव आठवावा. आरोपी दोषी आहे की नाही, हे न्यायालय ठरवील. त्याची बाजू न्यायालयापर्यंत पोहोचलीच पाहिजे, हे त्या बॅरिस्टरने स्वतःच्या आचरणाने दाखवून दिले आहे.