उष्णतेचा हिशेब मांडणारे जोसेफ फूरिये

नांदेड-लातूरकडील वैशाखातील ऊन आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. अशा उन्हातही मोटारसायकलीचे इंजिन तासन्‌तास चालते, याचे एक कारण त्यावरील धातूच्या पातळ पट्ट्या होत. कारागीर त्यांस फिन म्हणतात. आतील उष्णता या पट्ट्यांतून पसरते व वाहत्या वाऱ्यास मिळते. अशी पट्टी किती लांब असावी, हे कागदावर गणिताने ठरविता येते. त्या गणिताचा पाया घालणाऱ्या जोसेफ फूरिये यांचे चरित्र येथे थोडक्यात देण्याचे आम्ही योजिले आहे.

फूरिये यांचा जन्म २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधील ओसेर गावी एका शिंप्याच्या घरी झाला. नऊ-दहा वर्षांच्या वयातच ते आईबापांस पारखे झाले. तथापि धर्मगुरूंनी चालविलेल्या गावच्या लष्करी शाळेत त्यांस प्रवेश मिळाला व तेथेच त्यांस गणिताची गोडी लागली. तोफखान्यात शिरण्याची त्यांची उमेद होती. परंतु जन्म उच्च कुळातील नसल्याने ते दार बंद झाले. मग ते आपल्याच शाळेत शिक्षक झाले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली त्यांस कारावासही घडला. १७९८ साली ते नेपोलियनच्या स्वारीबरोबर इजिप्तला गेले. परतल्यावर १८०२ पासून ग्रनोब्ल येथे प्रांताधिकारी झाले. दलदलींचा निचरा, रस्त्यांची बांधणी असा कारभार वाहत असतानाच त्यांनी उष्णतेचा अभ्यास आरंभिला.

एक टोक तापविलेली लोखंडी सळई घ्या. फूरिये यांनी मनाने तिचे अगदी पातळ काप कल्पिले. प्रत्येक कापात तप्त बाजूने जितकी उष्णता शिरते, तितकीच पुढच्या कापास व भोवतालच्या हवेस मिळून जाते. या साध्या जमाखर्चातून त्यांनी समीकरण मांडले. त्यावरून असे दिसले की, सळई लांब असल्यास, हवेहून अधिक असलेले तिचे तापमान समान अंतरांवर समान प्रमाणात घटते. समजा, मुळाशी ते ८० अंश अधिक आहे व एका बोटावर ४० उरले; तर दोन बोटांवर २० व तीन बोटांवर १० उरेल. यास्तव पट्टी वाजवीपेक्षा लांब केल्यास टोकाकडील धातू जवळजवळ व्यर्थ जातो.

१८०७ साली त्यांनी आपला प्रबंध पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवला. त्यातील ज्या श्रेणी पुढे त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाल्या, त्यांवर लाग्रांजसारख्या थोर गणितज्ञाने आक्षेप घेतला व प्रबंध छापला गेला नाही. १८१२ साली त्यांच्या सुधारलेल्या प्रबंधास पारितोषिक मिळाले. परंतु सिद्धता काटेकोर नाही, हा ठपका राहिलाच. फूरिये यांनी मात्र काम सोडिले नाही. अखेर १८२२ साली त्यांचा उष्णतेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १६ मे १८३० रोजी पॅरिस येथे ते निवर्तले.

येथे एक गोष्ट आम्हांस सांगावीशी वाटते. परीक्षकांचा आक्षेप निराधार नव्हता; ती उणीव १८२९ साली डिरिक्ले या तरुण गणितज्ञाने बऱ्याच अंशी भरून काढिली. फूरिये यांचे उत्तर बरोबर होते, आणि परीक्षकांचा प्रश्नही रास्त होता. विद्यार्थिमित्रहो, उत्तर बरोबर असूनही वहीवर रीत अपुरी असा शेरा आला, तर खट्टू होऊ नका. रीत पुरी करा. उत्तर कोठे जात नाही.