नसलेल्या संदेशाने दाखवलेली वाट

एलिझेबेथ स्मिथ १९१६ मध्ये नोकरीच्या शोधात शिकागोला आल्या, तेव्हा त्यांचे वय होते अवघे २३ वर्षे. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबातला त्यांचा जन्म. मुलीने कॉलेजात जावे हे वडिलांना पसंत नव्हते. अखेर त्यांनी शिक्षणासाठी पैसे दिले, पण कर्ज म्हणून आणि सहा टक्के व्याजाने. इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन एलिझेबेथ यांनी काही काळ शाळेत काम केले. तिथे मन रमले नाही, म्हणून त्या शिकागोला आल्या.

शहरातल्या न्यूबेरी ग्रंथालयात शेक्सपिअरच्या नाटकांची १६२३ सालची पहिली एकत्रित आवृत्ती होती. ती पाहायला गेल्या असता त्यांनी तिथल्या ग्रंथपाल बाईंकडे सहज नोकरीचा विषय काढला. या बाईंनी जॉर्ज फेबियन नावाच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याला फोन केला आणि थोड्याच वेळात त्याची मोटार दारात उभी राहिली. एलिझेबेथ त्याच दिवशी फेबियनच्या ‘रिव्हरबँक’ या खासगी संशोधन वसाहतीत पोहोचल्या. माहितीची सुरक्षा हे आपले आयुष्यभराचे काम ठरणार आहे, याची तेव्हा त्यांना कल्पनाही नव्हती.

शेक्सपिअरची नाटके खरे तर फ्रान्सिस बेकनने लिहिली आणि छापील अक्षरांच्या वळणांत त्याने तसा गुप्त संदेश दडवला आहे, असे फेबियनला वाटत असे. ही कल्पना हवेतली नव्हती. बेकनने अशी एक सांकेतिक पद्धत खरोखरच शोधली होती. तीत अक्षरांचे दोनच प्रकार, समजा ‘अ’ आणि ‘ब’, आणि अशा पाच खुणांचा गट म्हणजे मूळ संदेशातले एक अक्षर. दोनच चिन्हांवर सगळी भाषा पेलायची, हे आजच्या संगणकाचेही तत्त्व आहे. एलिझबेथ गॅलप या अभ्यासक बाई भिंगातून ती वळणे वाचत आणि लांबलचक संदेश शोधून काढत. नव्या मदतनिसाने त्याचा पडताळा घ्यायचा होता.

पडताळा मात्र येईना. गॅलप बाईंना दिसणारा फरक एलिझेबेथ यांना दिसत नसे. त्यांनी स्वतंत्रपणे प्रयत्न केला की हाती काहीच लागत नसे. बाईंनी मदत केली की संदेश ‘सापडत’ असे. सुरुवातीला त्यांनी स्वतःलाच दोष दिला. विल्यम फ्रीडमन हे तिथेच वनस्पतींच्या आनुवंशिकतेवर काम करणारे तरुण शास्त्रज्ञ. त्यांनाही हीच शंका होती. दोघांनी मिळून विचार केला आणि उत्तर स्पष्ट झाले: संदेश नव्हताच. बाई लबाड नव्हत्या. जे शोधत होत्या तेच त्यांना दिसत होते. उकल खरी असेल तर तीच किल्ली वापरून दुसऱ्या माणसालाही तेच उत्तर मिळाले पाहिजे, हा धडा दोघांनी कायमचा गाठीशी बांधला. मे १९१७ मध्ये त्यांनी लग्न केले.

त्याच्या महिनाभर आधी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली होती. शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणारी माणसे सरकारकडे जवळजवळ नव्हतीच. फेबियनने आपली माणसे देऊ केली आणि तारांचे गठ्ठे रिव्हरबँकला येऊ लागले. इंग्रजी मजकुरात ‘ई’ हे अक्षर सर्वांत जास्त वेळा येते, काही अक्षरे जोडीने येतात, काही क्वचितच. अक्षरांची अदलाबदल केली तरी भाषेच्या या सवयी पूर्ण लपत नाहीत. कागदावर मोजणी करायची, अंदाज बांधायचा आणि तो चुकला की निमूटपणे खोडायचा, असे ते काम होते.

या कामाचा भारताशीही संबंध आला. जर्मनीच्या मदतीने ब्रिटिशांविरुद्ध उठाव करू पाहणाऱ्या गदर चळवळीच्या क्रांतिकारकांची सांकेतिक पत्रे रिव्हरबँककडे आली. आकड्यांच्या त्या पत्रांत एका छापील पुस्तकातली पाने आणि ओळी दडल्या होत्या. ती पत्रे उलगडली गेली आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या खटल्यात विल्यम यांनी साक्ष दिली. संकेत फोडणारी विद्या बाजू पाहत नाही. ती कोणाच्या हाती आहे यावर सारे ठरते.

लष्करी अधिकाऱ्यांना ही विद्या शिकवण्याचे कामही दोघांनी केले. १९१८ मधल्या एका वर्गाचा गटफोटो प्रसिद्ध आहे. काही जण कॅमेऱ्याकडे पाहतात, काहींनी मान वळवली आहे. बेकनच्या पद्धतीने वाचले तर ‘ज्ञान हीच शक्ती’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य निघते. माणसे कमी पडल्याने शेवटचे अक्षर तेवढे अपुरे राहिले.

पुढे दोघे वॉशिंग्टनला आले. दारूबंदीच्या काळात समुद्रावरचे तस्कर रेडिओवरून सांकेतिक भाषेत बोलत. एलिझेबेथ यांनी एका मदतनिसासह तीन वर्षांत असे सुमारे १२ हजार संदेश उलगडले. एवढा भार दोन माणसांनी वाहणे शक्य नाही, हे त्यांनी वरिष्ठांना पटवले आणि १९३१ मध्ये तटरक्षक दलात त्यांचे छोटे पथक उभे राहिले. माणसे त्यांनी स्वतः शिकवून तयार केली. कॅनडातल्या अफू तस्करीच्या एका खटल्यात तर त्यांनी चिनी भाषा येत नसताना त्या भाषेवर बेतलेला संकेत फोडला.

दुसऱ्या महायुद्धात याच पथकाने दक्षिण अमेरिकेतल्या नाझी हेरांचे संदेश वाचले. १९४२ मध्ये ब्राझीलमध्ये घाईने हेरांची धरपकड झाली. आपले संदेश वाचले जात आहेत हे जर्मनांनी ओळखले आणि संकेत बदलले. एलिझेबेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. युद्ध संपल्यावर या यशाचे जाहीर श्रेय एडगर हूवर यांच्या एफबीआयला गेले. गुप्ततेच्या शपथेमुळे एलिझेबेथ यांना एक शब्दही बोलता येत नव्हता. त्यांच्या पथकाचे बरेचसे काम त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी उजेडात आले.

मौनाचा भार घरातही होता. जपानचा ‘पर्पल’ संकेत फोडणाऱ्या चमूचे नेतृत्व केल्यानंतर विल्यम यांची मानसिक प्रकृती ढासळली आणि १९४१ मध्ये त्यांना रुग्णालयात राहावे लागले. दोघांचे काम एकाच क्षेत्रातले. पण दिवसभराचा ताण जेवणाच्या टेबलावर हलका करण्याची सोय नव्हती. नैराश्याने विल्यम यांची पाठ पुढेही सोडली नाही. एलिझेबेथ यांनी नोकरी सांभाळून त्यांना सावरले.

१९५७ मध्ये दोघांनी शेक्सपिअरच्या कथित गुप्त संदेशांची शास्त्रीय तपासणी करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. ज्या भ्रमामुळे त्यांना हे काम आणि एकमेकांची साथ मिळाली, तोच भ्रम त्यांनी पुराव्यानिशी खोडून काढला. विल्यम १९६९ मध्ये गेले. एलिझेबेथ यांनी त्यांचे कागद लावून अभ्यासकांसाठी जतन केले. स्वतःच्या कामगिरीचा मात्र कधी गाजावाजा केला नाही. ३१ ऑक्टोबर १९८० रोजी त्यांचे निधन झाले.

आर्लिंग्टनच्या दफनभूमीतल्या दोघांच्या शिळेवर तेच बेकनचे वाक्य कोरले आहे. त्यातली काही अक्षरे किंचित वेगळ्या वळणाची आहेत. ती बेकनच्या पद्धतीने वाचली तर विल्यम यांच्या नावाची आद्याक्षरे मिळतात आणि ती कोणीही पडताळून पाहू शकतो.