दोन प्रतिस्पर्धी पोलाद कारखान्यांना खनिजाची वाट दाखविणारे प्रमथनाथ बोस

भिलाई : जमशेदपूरचा पोलाद कारखाना टाटा समूहाचा, तर भिलाईचा सरकारी. बाजारपेठेत दोघे प्रतिस्पर्धी. मात्र दोघांच्याही उभारणीस आधार ठरलेल्या लोहखनिजाचा शोध घेणारे भूवैज्ञानिक एकच होते. ते म्हणजे प्रमथनाथ बोस.

बोस यांचा जन्म १२ मे १८५५ रोजी बंगालमध्ये झाला. गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला गेले आणि तेथे भूशास्त्र व खाणशास्त्राचे शिक्षण घेऊन १८८० मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात रुजू झाले. तत्कालीन मध्य प्रांतात फिरताना त्यांनी रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोहखनिजाचा अभ्यास केला. १८८७ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. आजच्या दल्ली-राजहरा डोंगरांचा परिसर तो हाच.

पुढे पोलाद कारखान्यासाठी खनिजाच्या शोधात असलेले दोराबजी टाटा नागपूरच्या संग्रहालयातील भूशास्त्रीय नकाशामुळे या भागाकडे वळले. खनिज उत्तम होते. परंतु योग्य कोळसा व पाणी सोयीच्या अंतरावर नसल्याने तेथील बेत सोडून द्यावा लागला.

दरम्यान, १९०३ मध्ये त्यांना डावलून सेवेत कनिष्ठ असलेले थॉमस हॉलंड विभागप्रमुख झाले. बोस यांनी राजीनामा दिला आणि मयूरभंज संस्थानात भूवैज्ञानिकाचे काम स्वीकारले. तेथे गोरूमहिसाणी डोंगरात त्यांना लोहखनिजाचा समृद्ध साठा आढळला. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी पत्राद्वारे जमशेदजी टाटांना त्याची माहिती दिली. त्याच वर्षी मे महिन्यात जमशेदजींचे निधन झाले. मात्र दोराबजींनी काम पुढे नेले. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१२ मध्ये कारखान्यातून पोलाद बाहेर पडले. तांत्रिक शिक्षणाचाही बोस यांनी आग्रह धरला. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूटचे ते पहिले प्राचार्य होते. १९३४ मध्ये रांची येथे त्यांचे निधन झाले.

टाटांनी सोडलेल्या दल्ली-राजहराचे भाग्य स्वातंत्र्यानंतर उजळले. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानुसार तेथून सुमारे ९० किलोमीटरवर भिलाई कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पुढे रेल्वेचे रूळ ही भिलाईची ओळख बनली.

स्पर्धा कायम ठेवूनही दोन्ही बाजूंनी सहकार्याचा मार्ग स्वीकारला. भिलाई कारखाना ज्या भारतीय पोलाद प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘सेल’च्या अखत्यारीत आहे, त्या ‘सेल’ने व टाटा स्टीलने २००१ मध्ये समान भागीदारीत ‘एमजंक्शन’ ही कंपनी स्थापन केली. पोलादाची विक्री, कोळशाचे लिलाव आणि कच्च्या मालाची खरेदी तिच्या इलेक्ट्रॉनिक व्यासपीठावरून होते.

ज्या सरकारी सेवेत बोस यांना सर्वोच्च पद नाकारले गेले, त्याच सेवेतील त्यांचा अहवाल स्वतंत्र भारताच्या कारखान्याला उपयोगी पडला. त्यांच्या ज्ञानाचा लाभ खासगी आणि सार्वजनिक अशा दोन्ही क्षेत्रांना झाला.