पौलाची एक चिठ्ठी

संत पौल म्हटले की मोठमोठी पत्रे डोळ्यांसमोर येतात. रोमकरांस लिहिलेले पत्र तर १६ अध्यायांचे आहे. मला मात्र त्याच्या सर्वांत लहान पत्राने पकडून ठेवले. फिलेमोन नावाच्या गृहस्थाला लिहिलेले हे पत्र अवघ्या २५ वचनांचे आहे. त्याला पत्र म्हणण्यापेक्षा चिठ्ठीच म्हणावे.

पौल हा आजच्या तुर्कस्तानातील तार्स गावचा यहुदी. त्याचे मूळ नाव शौल. शिकलेला, धर्मशास्त्रात मुरलेला, आणि तरीही तंबू करण्याचा धंदा करून हातावर पोट भरणारा. आरंभी तो ख्रिस्ताच्या अनुयायांचा कट्टर वैरी होता. स्तेफनाला दगडमार करून ठार केले तेव्हा मारेकऱ्यांची वस्त्रे याच्याच पायाशी ठेवलेली होती. पुढे दमास्कसच्या वाटेवर त्याला साक्षात्कार झाला आणि छळणारा तो प्रचारक बनला. उरलेले आयुष्य प्रवासात, मारहाणीत आणि तुरुंगात गेले.

ही चिठ्ठीही तुरुंगातलीच आहे. तो तुरुंग रोमचा की इफिसचा, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. काळ साधारण इ. स. ५५ ते ६२ मधला. फिलेमोन हा बहुधा कलस्सै गावचा, बऱ्यापैकी सधन. त्याच्या घरी ख्रिस्ती मंडळी जमत असे. त्याचा एक गुलाम होता अनेसिम. तो मालकाला सोडून पौलापाशी आला आणि तेथे ख्रिस्ती झाला. तो पळून आला होता, असे परंपरेने मानले जाते. रोमन कायद्याने गुलाम म्हणजे मालकाची वस्तू. पळालेला गुलाम सापडला तर कपाळावर डाग देत, गळ्यात लोखंडी पट्टा अडकवीत. अशा माणसाला पौलाने ही चिठ्ठी देऊन परत पाठविले.

चिठ्ठी लिहिताना म्हाताऱ्याने काय चातुर्य दाखविले आहे! अनेसिम या नावाचा अर्थ उपयोगी. त्यावर कोटी करून तो सांगतो की पूर्वी निरुपयोगी असलेला हा आता तुला आणि मलाही उपयोगी झाला आहे. हुकूम करण्याचा अधिकार असून मी विनंती करतो, असेही सांगतो. याला गुलाम म्हणून नको, भाऊ म्हणून घरात घे. याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन. आणि हे शब्द तो स्वतःच्या हाताने लिहितो. लगेच हळूच आठवण देतो की, फिलेमोना, तू स्वतःच माझा ऋणी आहेस. ही चिठ्ठी एकट्या फिलेमोनला नाही. घरात जमणाऱ्या साऱ्या मंडळीचेही नाव वर घातले आहे. चारचौघांत वाचल्यावर नाही कसे म्हणणार?

तरी माझे समाधान झाले नाही. गुलामगिरीच वाईट, असे पौल एकदाही म्हणत नाही. परत पाठविलेच का? माझे आजोबा सालगडी होते. एकदा अर्धे साल टाकून ते पळाले आणि धरून आणले गेले. उचल अंगावर होती. ही गोष्ट घरात ऐकलेली असल्यामुळे मला पौलापेक्षा अनेसिमच जास्त दिसतो. हातात दुसऱ्याची चिठ्ठी, आणि पाय मालकाच्या दाराकडे.

हा आक्षेप माझा एकट्याचा नाही. १८३३ साली अमेरिकेत जॉर्जिया प्रांतात चार्ल्स कॉलकॉक जोन्स नावाच्या गोऱ्या उपदेशकाने याच पत्राच्या आधारे गुलामांना पळू नका असे सांगितले, तेव्हा निम्मे श्रोते उठून चालते झाले. हे त्याने स्वतःच लिहून ठेविले आहे. उलट गुलामगिरीचे विरोधक याच पत्रातल्या 'भाऊ' या शब्दावर बोट ठेवीत. तेथील गुलामांना मुक्त करणाऱ्यांनाच जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' ग्रंथ अर्पण केला.

पौलाला पुढे नीरोच्या कारकिर्दीत रोममध्ये मारले, असे परंपरा सांगते. पण चिठ्ठी लिहिताना त्याला सुटकेची आशा होती. शेवटी तो फिलेमोनला सांगतो की माझ्यासाठी राहायची खोली तयार ठेव. म्हणजे अनेसिमला कसे वागविलेस ते मी येऊन पाहणार आहे. आजोबांना परत वाड्यावर नेले तेव्हा, मी पाहायला येतो, असे सांगणारे मागे कोणी नव्हते.